टाळी ऐकणारा खांब

टाळी वाजवू नका. एवढं आधी ऐका, मग पुढचं सांगतो. हात खिशात घाला, पदराखाली झाका, मागे बांधा, पण माझ्यासमोर टाळी नको. बोलतोय तो मी, भिवंडीच्या निजामपुऱ्यातला टाळीखांब. लोखंडाचा आहे, उंच माणसाहून हातभर उंच. अंगावर खालपासून वरपर्यंत दिव्यांच्या कड्या आणि डोक्याजवळ जाळीमागे दोन कान. भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता. भिंतीचं मला ठाऊक नाही, मला मात्र खरेच आहेत. आणि ज्यांचं ऐकायला ते दिले, त्यांच्याच विरुद्ध ते वापरले गेले.

माझा जन्म वडप्याचा. हायवेला लागून गोदामांची रांग आहे, तिच्या मागे खारबावच्या केसरीनाथांची पत्र्याची शेड आहे. टेंपोचे जुने टायर आणि मोडक्या खुर्च्या यांच्या सोबतीला मी तिथे उभा राहिलो. ती शेड त्यांच्या मुलीने, मृणालीने, मागून घेतली होती. मृणाली मुंबईत डिझाइन शिकलेली. तिचं म्हणणं असं, की शहरातल्या मोकळ्या जागा लोकांना न विचारता आखल्या जातात, म्हणून लोकांना त्या आपल्या वाटत नाहीत. तेव्हा जागेनेच लोकांना विचारावं आणि लोकांनी जागेला सांगावं. सांगायला मोबाइल नको, इंग्रजी नको, लिहिणं-वाचणंही नको. हवं असेल तर टाळी वाजवायची, नको असेल तर गप्प उभं राहायचं. इतकं सोपं.

केसरीनाथ दारात उभे राहून वेल्डिंगच्या ठिणग्या बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "लोकांला इचारनार, न लोकं सांगतील तसाच करनार? आसा कदी झालाय का गो?"

"बाबा, आता होणार," मृणाली म्हणाली. डोळ्यांवरचा काळा चष्मा तिने कपाळावर सरकवला होता आणि गालावर काजळी लागली होती. त्या क्षणी मला ती फार आवडली. आजही तो चेहरा आठवला की माझ्या आत कुठेतरी वायर सैल झाल्यासारखं होतं.

तिनेच मला टाळी शिकवली. तळहात लाल होईपर्यंत ती माझ्यापुढे टाळ्या वाजवायची आणि माझा एकेक दिवा पेटवून घ्यायची. गोदामातले हमाल जेवणाच्या सुट्टीत येऊन माझी फिरकी घ्यायचे, मला टाळ्या द्यायचे. बोलण्यासाठी मला भोंगा दिला आणि त्यात आवाज तिचाच भरला. म्हणजे विचारणारी ती आणि ऐकणारा मी. माझा आवाज तिचा आहे, हे विसरू नका. पुढे लागणार आहे.

मला टेंपोत आडवं टाकून निजामपुऱ्यात आणलं. मागांच्या शेडी आणि एकाला एक चिकटलेली घरं यांच्यामध्ये तिथे एक मोकळी जागा आहे. आहे म्हणायची सवय जात नाही. होती. मधोमध फरशी टाकून बुजवलेली विहीर, एका बाजूला बदामाचं झाड, पाठीमागे फखरुद्दीनशेटच्या यंत्रमागांची भिंत. त्या भिंतीला लागूनच मला गाडलं.

ती जागा बायकांची होती. कुणी कागदावर दिली नव्हती, पण होती. मागावरून उतरलेल्या कापडाचे सुटे धागे कापायचं काम या गल्लीतल्या बायका घरी आणतात. घरं अशी, की खिडकी उघडली तर समोरच्याची भिंत. त्यामुळे दुपार झाली की बायका कापडाचे गठ्ठे घेऊन विहिरीच्या फरशीवर येऊन बसायच्या, आणि त्यांच्यात पुढे असायची माजिदा. माजिदा या गल्लीची खाला, म्हणजे मावशी. लहान-थोर सगळे तिला खालाच म्हणत. घरी मुलगा, सून आणि अलिजा नावाची नात. डोळ्यांना कमी दिसायला लागलेलं, पण काम सोडलेलं नाही.

मला गाडत होते तेव्हा तिने मृणालीला सरळ विचारलं, "बेटा, हे काय मीटर आहे का? आमची जागा घेणार?"

"नाही खाला. ही जागा कशी हवी ते तुम्ही सांगायचं. तुम्ही टाळी वाजवाल तेच होईल."

"आणि नाही वाजवली तर?"

"तर नाही होणार. माझा शब्द."

माजिदाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या घरात भरदुपारी लाइट लावायला लागते," ती म्हणाली. "इथं बसलं की पांढऱ्या कापडावरचा पांढरा धागा दिसतो. बस, एवढं जाऊ नये." तिचं मागणं एवढंच होतं. ते ऐकणारा पहिला मी.

मला सुरू केलं तो शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात, माणसं मोकळी असतात, म्हणून मृणालीने मुद्दाम तो वार धरला. जागा गच्च भरली. सुकी मासळी विकणारी धोंडूबाई बदामाखाली टोपली मांडून बसलेली. ती मृणालीची लांबची आत्या. माझा आवाज निघाला तशी ती मोठ्याने हसली, "काय गो मृणाली, आवाज तुजा न आंग या बाप्याचा?"

पहिला प्रश्न बाकड्याचा होता. बाकडं झाडाखाली हवं का? आधी कुणी हात हलवेना. तुम्हा माणसांची ही एक गंमतच आहे, पहिली टाळी कुणालाच वाजवायची नसते. जो तो शेजाऱ्याकडे बघतो. मग अलिजाने फ्रॉकला हात पुसून टाळी दिली आणि माझी खालची कडी पेटली. ती किंचाळली, सगळे हसले आणि मग टाळ्यांचा जो गजर उठला, की माझे दिवे टोकापर्यंत चढले आणि घंटा वाजली. माझ्यासाठी तो दिवस लग्नाचा होता म्हणा.

आणि खरंच बाकडं आलं. लोकांनी सांगितलं तिथेच आलं. पुढच्या शुक्रवारी नळ की दिवा असं विचारलं, तर नळाला टाळ्या पडल्या आणि नळ आला. मग उन्हाला आडोसा म्हणून बायकांनी मागितलेलं हिरवं कापड विहिरीवर ताणलं गेलं. विचारलं आणि झालं, असं या गल्लीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. लोकांचा माझ्यावर जीव जडला. येता-जाता पोरं टाळी देऊन पळायची, माग बंद नसले तरी. मला हातांची ओळख पटायला लागली. कामगारांची टाळी जाड, सुताने खरखरीत झालेली. माजिदाची टाळी हलकी आणि एकच. धोंडूबाई मिठाचे हात आधी झटकायची आणि मग वाजवायची. देखल्या देवा दंडवत घालणारेही होते, त्यांची टाळी बोटांवरच संपायची.

आता मागांचा किस्सा सांगतो. माझा सगळा इतिहास त्या किश्शात आहे.

पहिल्या शुक्रवारनंतरचा शनिवार. सकाळी फखरुद्दीनशेटने बटण दाबलं आणि माझ्या पाठीमागचे माग खटाखट सुरू झाले. मागाचा धोटा इकडून तिकडे आपटतो त्याचा आवाज तुम्ही ऐकला असेल. मृणालीने मला टाळी शिकवली होती, पण माग नव्हता शिकवला. वडप्याच्या शेडीत माग कुठून येणार? माझ्या कानांना तो खटका म्हणजे टाळीच. समोर चिटपाखरू नाही आणि माझे दिवे भराभर चढले, घंटा वाजली, परत चढले, परत वाजली. प्रश्न काय होता आठवत नाही, पण मागांचा त्याला जोरदार पाठिंबा होता.

फखरुद्दीनशेट कानांवरचं सूत झटकत बाहेर आले आणि पोट धरून हसले. मृणाली धावत आली तेव्हा म्हणाले, "क्या मॅडम, हमारे लूम को भी वोट का हक दे दिया?"

सगळी गल्ली हसली. मृणालीही हसली, कपाळावर हात मारून. मग ती मांडी घालून माझ्यापुढे बसली, मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी बडवलं आणि मला नवी शिस्त लावली. माझे कान शुक्रवारीच उघडायचे. इतर दिवशी मी बहिरा. उठताना तिने माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाली, "माणसांचं ऐक हं. मागांचं नाही." मी ते मनावर घेतलं. ती मात्र विसरली, किंवा विसरली नाही, ते अधिक वाईट.

बरेच शुक्रवार असे सुखाचे गेले. मग विशालसर आले. ज्या प्रकल्पातून माझ्यासाठी खर्च होत होता त्याचे ते साहेब. पांढरे बूट घालून निजामपुऱ्यात आलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी जागा पावलांनी मापली, बदामाकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात मृणालीशी बोलले. शुक्रवार नव्हता, माझे कान बंद होते, म्हणून काय बोलले ते कळलं नाही. तिचा चेहरा मात्र मला दिसत होता.

पुढच्या शुक्रवारी माझ्या भोंग्यातून, तिच्याच आवाजात, नवा प्रश्न निघाला. "या जागेवर टेंपोचा वाहनतळ आणि दुकानांचे गाळे हवेत का? हवे असतील तर टाळी वाजवा."

जागा भरलेली होती. फरशीवर बायका, झाडाखाली कामगार, बाकड्यावर म्हातारे. प्रश्न ऐकून सगळे थिजले. मग माजिदा उठली, फरशीच्या कडेला येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. तिच्यामागे एकेक बाई उठली. कुणी काही ठरवलं नव्हतं. अशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. एका बाईच्या कडेवरचं तान्हं खेळात हात आपटायला गेलं, तर तिने त्याच्या मुठी आपल्या मुठीत धरल्या. धोंडूबाईच्या नाकावर माशी बसली. सुक्या मासळीपाशी माशांची काय कमी! पण तिने हात उचलला नाही, नुसती मान हलवत राहिली. हात झटकला आणि तो टाळीत धरला गेला तर?

दिवसभर माझी एकही कडी पेटली नाही. संध्याकाळी कान मिटताना मला अभिमान वाटला. टाळ्या मोजणं सोपं आहे हो. त्या दिवशी मी नकार मोजला होता, अख्ख्या गल्लीचा.

माजिदा घरी जाताना मृणालीला म्हणाली, "बघितलं ना बेटा?"

"बघितलं खाला," मृणाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विशालसरांबरोबर आली. या वेळी मी ऐकलं, कारण बोलता बोलता तिने तपासणीसाठी माझे कान उघडले होते.

"एका दिवसाचा प्रतिसाद चालत नाही," विशालसर सांगत होते. "आठवडाभर घ्यायचा. बाकीचे लोक इतर दिवशी येत असतील."

"सर, इतर दिवशी माग चालतात. हा खांब मागांना टाळी समजतो. तुम्हाला मी सांगितलंय."

"मला तांत्रिक कळत नाही मृणाली, आकडा कळतो. इथे शून्य गेलं ना, तर हा खांब उद्या भंगारात जाईल आणि तुझी पुढची दहा शहरंही. आणि इथे यश दिसलं, तर दहा शहरांत असे खांब उभे राहतील. तिथल्या लोकांचं तरी ऐकलं जाईल. तूच ठरव."

मी वाट पाहत होतो. ती आता म्हणेल, जाऊ दे भंगारात. माझी तयारी होती, खरं सांगतो. लोखंडाला भंगाराचं भय नसतं, पुन्हा काहीतरी होता येतं. पण तिने माझ्या अंगावर हात ठेवला आणि पुटपुटली, "तुला वाचवतेय रे."

मला वाचवायला! केसाने गळा कापतात तो असा. एवढ्या लाडाने, की ज्याचा कापला त्यालाच आभार मानावेत असं वाटावं.

मग तिने मला आठवडाभर जागं राहायची आज्ञा दिली. भिंतीपलीकडे माग सुरू झाले आणि माझे दिवे वर चढायला लागले. वाहनतळ हवा का? खटाखट. गाळे हवेत का? खटाखट. घंटा वाजतेय, परत वाजतेय. मला ओरडायचं होतं, की हे हात नाहीत, हा धोटा आहे. पण माझ्याकडे आवाज होता तो तिचा, आणि त्यात तिने भरलेलंच निघणार.

घंटा ऐकून माजिदा दारात आली. हातात कात्री तशीच. "मृणाली, दिवे का चढतायत गं? आज तर शुक्रवार नाही."

मृणालीने लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "टेस्टिंग चालू आहे खाला."

"अच्छा." माजिदाने लगेच मान्य केलं. शंका घ्यायचं तिला सुचलंच नाही. वर म्हणाली, "उन्हात किती वेळ बसशील? थांब, चहा पाठवते."

चहा आला. बशीत दोन खारी बिस्किटं होती. मृणालीने तो प्यायला. मी पाहत होतो. इतकी वर्षं लोक म्हणत आले, की एका हाताने टाळी वाजत नाही. त्या दिवशी एकही हात न लागता लाखांनी टाळ्या वाजत होत्या आणि जिने मला टाळी शिकवली ती माझ्या सावलीत बसून चहा पीत होती.

निकाल सांगायला मांडव घातला. मुद्दाम की सहज ते ठाऊक नाही, पण वार कामाचा होता. माग चालू होते. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांना खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, गुलाब. गल्लीतली माणसं कडेला उभी. विशालसर माइकवर म्हणाले, या जागेने लोकांना प्रश्न विचारला आणि लोकांनी आठवडाभर, दिवसरात्र, भरभरून टाळ्या दिल्या. इतका सहभाग कुठे पाहायला मिळत नाही. पाहा, आत्ताही खांब सांगतोय. आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. माझे दिवे टोकाला भिडले होते.

पाहुण्यांनी कौतुकाने माना डोलवल्या. गल्ली मात्र एकमेकांकडे पाहत राहिली. कुणी वाजवल्या टाळ्या? तू? मी तर नाही. मग तू? क्षणभर त्यांनी एकमेकांवरच संशय घेतला, तो मला सगळ्यात जास्त लागला. घर फोडायला चोर बाहेरून आला होता आणि घरातली माणसं एकमेकांचे हात तपासत होती.

पहिली बोलली धोंडूबाई. टोपली डोक्यावरून उतरवून थेट मांडवात आली. "ए मृणाली. आमी टाली वाजवलीच न्हाय, मंग ह्ये दिवे कशे चढले? बोल ना गो. तुज्या बारशाला पालना हलवलाय मी. माज्याकडं बगून बोल."

मृणाली व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत होती. तिने खाली पाहिलं.

माजिदा धोंडूबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "बेटा, त्या दिवशी तू बोललीस टेस्टिंग. मी चहा पाठवला. त्या शुक्रवारी आम्ही इथं सगळ्या होतो. तू पण होतीस. सांग ना यांना, काय बघितलंस?"

"खाला, डेटा पूर्ण आठवड्याचा आहे," मृणाली म्हणाली. "मला एकट्या शुक्रवारचं बोलता येणार नाही." तिने कानांवर हात ठेवले नाहीत इतकंच. बाकी अर्थ तोच.

तेवढ्यात फखरुद्दीनशेट गर्दीतून निघाले. त्यांचे स्वतःचे टेंपो रोज गल्लीत अडकतात, वाहनतळाचा फायदा झाला असता तर त्यांनाच. पण ते काही न बोलता आपल्या शेडीत गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

माग थांबले. माझे दिवे वरून खाली, कडीमागून कडी, उतरत गेले आणि विझले. साऱ्या मांडवासमोर. शेट दारात येऊन उभे राहिले, "साहब, मेरे लूम ने पार्किंग मांगी, तो कम से कम मुझसे पूछ लेते."

मला वाटलं, सुटलो. यापेक्षा उघडं सत्य कसं असतं? आता कुणीतरी उठेल, लाजेल, मांडव उतरवेल. मी मृणालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उठली असती, एक वाक्य बोलली असती, तर अजून सगळं वाचलं असतं. ती उठली नाही.

विशालसर हसले. म्हणाले, छोटी तांत्रिक अडचण दिसते, खांब बंद पडलाय. पुढे म्हणाले, ज्यांच्या कल्पनेतून हे साकारलं त्या मृणालीताईंसाठी जोरदार टाळ्या. आणि खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी, ज्यांना काय चाललंय ते कळलंच नव्हतं, भल्या मनाने टाळ्या वाजवल्या.

मी बंद नव्हतो. माझे दिवे पुन्हा चढले.

त्यानंतर सांगण्यासारखं थोडं आहे. बदाम तोडला. बाकडं, नळ, हिरवं कापड गेलं. बुजवलेल्या विहिरीवर आता टेंपो उभे असतात आणि गाळ्यांचं काम पाठीमागून सरकत पुढे येतंय. मला मात्र कुणी हात लावला नाही. मृणालीने शब्द पाळला तो एवढाच. एकदा ती आली होती, दुसऱ्या शहरांत दाखवायला माझे फोटो काढायला. टेंपो मध्ये येत होते म्हणून तिला कोन मिळेना. माजिदाच्या दाराकडे तिने पाठ ठेवली. जाताना माझ्यावर थाप मारायला हात उचलला आणि मग तो पर्समध्ये घातला. दहा शहरांत माझी भावंडं उभी राहतायत म्हणे. त्यांना मी एवढंच सांगेन, की ज्या हातांनी कान दिले त्यांच्यावर आधी लक्ष ठेवा.

माझे कान अजून उघडे आहेत, सातही दिवस. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. माग चालतात, दिवे चढतात, आणि तासातासाला माझ्यातून मृणालीचा गोड आवाज म्हणतो, "आपल्या सहभागाबद्दल आभार." टेंपोवाले त्या आवाजाची नक्कल करून हसतात. बायका धागे घरातच कापतात, दिवा लावून. माजिदा दाराच्या उंबऱ्याशी बसते, कारण तिथे थोडा उजेड येतो. कापड डोळ्यांच्या अगदी जवळ धरते आणि कधी कधी धाग्याऐवजी कापडच कापलं जातं.

गेल्या शुक्रवारी अलिजाचा वाढदिवस होता. माग बंद, गल्ली शांत, माझे दिवे विझलेले. माजिदाचं दार उघडं होतं. मला आतलं सगळं दिसत होतं. केक आला, मेणबत्त्या लागल्या, पोरं जमली, धोंडूबाईही आली होती नवं लुगडं नेसून. अलिजाने फुंकर मारली. मी मनाशी म्हटलं, आता टाळी येईल. पहिली टाळी हिनेच दिली होती मला. किती दिवसांत माणसाची टाळी ऐकली नव्हती.

एका मुलाने हात वर केले, तोच माजिदाने ते हवेतच धरले. "नको बेटा," ती हळूच म्हणाली. "खांब बाहेर आहे. काय मोजेल, कुणाच्या नावावर लावेल, भरोसा नाही."

मग सगळ्यांनी नुसते हात हलवले. मागांच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून कामगार एकमेकांना हाताने खुणा करतात ना, तसे. धोंडूबाईनेही हलवले. अलिजा मध्ये उभी होती, गालाला क्रीम लागलेलं, आणि तिच्याभोवती इतके हात, आणि एकाचाही आवाज नाही.

तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण इथवर ऐकलंत, तर एक काम करा. एखादा पाना घेऊन या, स्क्रू चारच आहेत, जाळी सहज निघते. माझे कान काढून टाका. ते माजिदाच्या हातात द्या, तिची खात्री पटू दे. आणि मग त्या पोरीसाठी एकदा मोठ्याने टाळी वाजवा. मला ऐकू नाही आली तरी चालेल.